हार्डवेअरच्या दुकानातलं रणांगण: वॉरगेमिंगसाठी घरगुती सामान, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे खेळायला कुणी नवा माणूस आला की टेबलावरची टेकडी उचलून बघतो आणि विचारतो, "ही कुठून मागवली?" टेकडी फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलची, वरची माती टाइलच्या ग्राउटची, गवत जुन्या पायपुसण्याचं. हे सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून ते एकदाचे लिहून काढले. उत्तरं पुण्यातल्या एका फ्लॅटच्या बाल्कनीतली आहेत. बरीचशी आधी चुकून, मग शिकून मिळालेली.

वॉरगेमिंग म्हणजे नक्की काय? आणि त्यात रंगाऱ्याच्या सामानाचं काय काम?

टेबलावर लहान लहान सैनिक मांडायचे, मोजपट्टीने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे, फासे टाकून गोळीबार आणि हातघाईचा निकाल लावायचा. संगणक नाही, स्क्रीन नाही. यातला निम्मा छंद खेळण्याचा आणि निम्मा बनवण्याचा: सैनिक रंगवणं, टेकड्या, घरं, झाडं, नद्या तयार करणं. या भूभागाला सगळे टेरेनच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

घरबांधणीच्या सामानाशी या खेळाचं नातं जुनं आहे. प्रशियात, म्हणजे जुन्या जर्मन राज्यात, राइसवित्स नावाच्या गृहस्थाने आपला युद्धखेळ आधी ओल्या वाळूत मांडला होता. राजाला तो बघायचा आहे म्हटल्यावर त्याला वाळू बरी वाटेना. त्याने प्लास्टरचे उठावदार तुकडे केले, ते रंगवले आणि १८१२ मध्ये ते मांडायचं एक मोठं टेबल राजाला नजर केलं. म्हणजे पीओपीने हात पांढरे करून घेणारे आपण काही पहिले नव्हे.

हे म्हणजे दिवाळीतला किल्लाच ना?

हो, आणि ज्याने लहानपणी किल्ला केलाय त्याला अर्धं काम येतंच. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर टाकायचं, वाळलं की डोंगराची कातळकडा तयार. यापेक्षा चांगली युक्ती मला कुठल्याही महागड्या व्हिडिओत दिसलेली नाही. फक्त चिखलाच्या जागी पातळ पीओपी किंवा पुट्टी घ्या.

फरक तीन आहेत. किल्ला भाऊबीजेनंतर मोडायचा असतो. टेरेन कपाटावरून काढून पुन्हा पुन्हा वापरायचं, म्हणून ते हलकं हवं आणि कोपरे न तुटणारं हवं. किल्ल्यावर मावळा उतारावर चिखलात रोवता येतो. इथे सैनिक सपाट बेसवर उभा असतो, तेव्हा टेकडीला पायऱ्या पाहिजेत, नाहीतर प्रत्येक चालीला पलटण घरंगळत खाली येते. आणि तिसरं प्रमाण. किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असले तरी कुणी तक्रार करत नाही. टेबलावर ते चालत नाही.

प्रमाण कसं सांभाळायचं? कुठली घरगुती वस्तू चालेल हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त चालणारे सैनिक २८ मिलिमीटरचे, म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत साधारण तेवढे. ढोबळ हिशेबाला साठास एक धरा. म्हणजे टेबलावरचा १ मिलिमीटर म्हणजे खरे ६ सेंटिमीटर. एवढा एक आकडा डोक्यात बसला की दुकानातली प्रत्येक वस्तू वेगळी दिसायला लागते.

बांधकामाच्या वाळूतला २ मिलिमीटरचा खडा म्हणजे १२ सेंटिमीटरचा धोंडा. अशी वाळू पायवाटेवर टाकली तर वाटेचा ओढा होतो. म्हणून वाळू चहाच्या गाळणीतून चाळून घ्या. खाली पडेल ती माती, वर राहील ते दगडगोटे, दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. खरी वीट २३ सेंटिमीटर, म्हणजे टेबलावर ४ मिलिमीटरला जेमतेम कमी. पुठ्ठ्याचा १ मिलिमीटर जाड तुकडा म्हणजे दाराची भक्कम फळी. ८० नंबरचा पॉलिश पेपर डांबरी रस्त्यासारखा दिसतो, पण ४० नंबरचा लावला तर तो खडी अंथरून सोडून दिलेला रस्ता वाटतो. (आमच्याकडे तोच जास्त वास्तववादी, असं एकाचं मत पडलं.)

बहात्तरास एक या प्रमाणातले प्लास्टिकचे सैनिक थोडे बुटके असतात. त्यांना हाच हिशेब चालून जातो. १५ मिलिमीटरवाल्यांनी मात्र सगळं जवळपास निम्मं करावं.

पहिल्यांदा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन काय मागू?

थोडं मागा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "भिंत किती बाय किती?" मी म्हटलं, "अडीच इंच बाय चार इंच." त्याने एकदा माझ्याकडे, एकदा मागच्या पोराकडे पाहिलं आणि पुट्टीची वीस किलोची गोणी पुढे सरकवली. संकोचाने ती मी घेतली. त्यातली दीड किलो वापरली, उरलेली त्या पावसाळ्यात गोणीच्या आकाराचा दगड झाली.

तेव्हा एक किलो पुट्टी, एक किलो ग्राउट, पांढऱ्या फेव्हिकॉलचा अर्धा किलोचा डबा, अॅक्रिलिक सीलंटची एक नळी, काळ्या आणि तपकिरी स्टेनरच्या, म्हणजे भिंतीच्या रंगात छटेसाठी मिसळायच्या रंगाच्या, सगळ्यात लहान बाटल्या. एवढ्यात पहिलं टेबल होतं. आणि दुकानदाराला खरं काय बनवताय ते सांगून टाका. त्यानंतर तो स्वतःहून तुटक्या फरशा, सनमायकाचे जुने नमुने, पाइपांचे तुकडे बाजूला काढून ठेवायला लागतो. आमचा शेठ आता "लढाई कुठवर आली?" विचारल्याशिवाय बिल करत नाही.

थर्माकोल घेऊ की ते निळं-गुलाबी फोम?

टेकड्यांना थर्माकोल, भिंतींना निळं फोम.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले मणी एकमेकांना चिकटवलेले. कापलं की कडेला मणी सुटतात, आणि त्यावर विटा-दगड कोरता येत नाहीत. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे विकत आणायच्या फंदात पडू नका. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात जे येतं ते सोसायटीच्या कचऱ्याच्या जागी आठवड्याला एकदा तरी दिसतंच. कचऱ्यात जाण्यापेक्षा टेकडी झालेली बरी.

निळं किंवा गुलाबी फोम म्हणजे एक्सपीएस. गच्ची तापू नये म्हणून घालतात ते इन्सुलेशन बोर्ड. हे एकजीव असतं, मणी नसतात. टोकदार पेन्सिल दाबून ओढली की दगडांच्या सांधी पडतात. घडीव दगडी तट करायचा तर आधी आडव्या रेघा, मग उभ्या, आणि शेवटी अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळून केलेला गोळा सगळीकडे दाबत फिरवायचा. दगडाचा खडबडीतपणा दोन मिनिटांत येतो. हे बोर्ड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराकडे तुकडे मागावे लागतात.

सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिक फोमचा पातळ कडक तक्ता? घरांच्या भिंतींना उत्तम, सरळ कापला जातो. कोरायला निरुपयोगी.

मी टेकडीवर स्प्रे मारला आणि ती विरघळली. काय चुकलं?

काही नाही, सगळ्यांची एक तरी विरघळते. स्प्रेच्या डब्यातलं द्रावण पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोल ज्याचं बनतं ते प्लास्टिक, खातं. थिनर, टर्पेंटाइन, सोल्युशन म्हणून मिळणारा पिवळा रबरी गोंद आणि साधा फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद, यांचंही तेच. निळं फोमही याच जातीचं, त्यामुळे त्यालाही सूट नाही.

उपाय सोपा आहे. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी आणि भिंतीचा कुठलाही उरलेला इमल्शन रंग मिसळून जाडसर हात मारा, कापलेल्या कडा आणि खालची बाजूसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. मग वर काय हवं ते. माझी विरघळली ती खालून. वरचा भाग शाबूत, आत पोकळी. ती आता ज्वालामुखी म्हणून वापरतो.

कुठला गोंद कशाला?

पांढरा फेव्हिकॉल लाकूड, पुठ्ठा, कापड, वाळू, फोम या सगळ्याला. मात्र त्याला वाळायला हवा लागते. थर्माकोलचे दोन मोठे तक्ते मधोमध फेव्हिकॉल लावून चिकटवले तर आठ दिवसांनीही मधला भाग ओलाच सापडतो. तक्त्यावर सुरीने आडव्या-उभ्या खाचा पाडा, गोंद ठिपक्या-ठिपक्यांनी लावा आणि टूथपिक आरपार टोचून रात्रभर पुस्तकांखाली ठेवा.

झटपट गोंद धातू आणि प्लास्टिकच्या सैनिकांसाठी. फट मोठी असेल तर तिथे चिमूटभर खायचा सोडा टाकून वर गोंदाचा थेंब सोडा. क्षणात दगड होतो. सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती फडक्याने मात्र पुसू नका. कापूस आणि हा गोंद एकत्र आले की चटका बसण्याइतकं तापतं.

ग्लू गन घाईच्या कामाला ठीक. पण तिचे कोळिष्टकासारखे तंतू रंगवल्यावरही दिसतात, आणि गरम नोझल फोमला भोक पाडतं. मी ती फक्त झाडाच्या बुंध्याला वापरतो.

गव्हाच्या किंवा मैद्याच्या खळीबद्दल दर वेळी कुणीतरी विचारतंच. स्वस्त आहे, चिकटतेही. पण झुरळांना आवडते.

पुट्टी, पीओपी आणि ग्राउट यांत फरक काय? कुठे काय वापरायचं?

या तिघांवर माझं जरा जास्त प्रेम आहे, तेव्हा उत्तर लांबेल.

दुकानातल्या गोण्यांवर जे लिहिलंय ते भिंतीसाठी असतं. आपल्याला दोनच गोष्टींशी मतलब: ते वाळतं कसं आणि वाळल्यावर तडकतं का. पीओपी पाण्यात पडल्यापासून मिनिटांत घट्ट होतं, आकसत नाही, पण ठिसूळ असतं. साच्यात ओतायला ते चांगलं. बिस्किटांच्या पुड्यातला प्लास्टिकचा खाचांचा ट्रे घेऊन त्यात पीओपी ओतलं की वाळूच्या पोत्यांच्या रांगा किंवा फरसबंदी निघते. पट्टीची जाळी, म्हणजे बँडेजचं कापड, पातळ पीओपीत बुडवून चुरगळलेल्या वर्तमानपत्रावर पसरली की डोंगर होतो. पोकळ आणि हलका.

भिंतीची पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते. तिचा थर दीडेक मिलिमीटरच्या वर गेला की तडे जातात. रंगारी म्हणूनच दोन पातळ हात मारतात. आपणही तेच करायचं, किंवा तड्यांचा फायदा घ्यायचा. मराठे आणि इंग्रज यांच्यात जालन्याकडे झालेल्या असईच्या लढाईचं टेबल करताना मला मातीच्या भिंतींचं गाव हवं होतं. पुठ्ठ्याच्या भिंतीवर पुट्टी, सुताराकडचा चाळलेला भुसा, थोडा फेव्हिकॉल आणि तपकिरी स्टेनरचे चार थेंब असा काला मुद्दाम जाड लिंपला. बोट ओलं करून वरून एकदा फिरवलं. वाळल्यावर जागोजाग बारीक चिरा पडल्या, भुशाचे कण वर आले. वर पातळ तपकिरी पाणी सोडलं तेव्हा ते चिरांत उतरलं, आणि मग फिक्या बदामी रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश हलका फिरवला. भिंतीला पावसाचे चार महिने काढल्याची कळा आली. माझी आई जालन्याकडची. तिने घर हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "याला पोतेरं द्यायला झालंय."

फेव्हिकॉल घालायचं कारण म्हणजे नुसती पुट्टी पुठ्ठ्यावरून पापुद्रा होऊन निघते. गोंदाने तिला थोडी लवचीकता येते. दहा चमचे काल्याला एक चमचा पुरतो.

आता ग्राउट. टाइलच्या फटी भरायची ही पूड रंगीत मिळते: राखी, बदामी, तपकिरी, विटकरी. टेरेनसाठी ती तयार माती आहे. पाणी घातलेला फेव्हिकॉल बेसवर लावा, ग्राउट गाळणीतून भुरभुरवा, वरून जुन्या परफ्यूमच्या किंवा केसांच्या पाण्याच्या फवाऱ्याने पाणी मारा. पाण्यात साबणाचा एक थेंब हवा, नाहीतर पाण्याचे मणी होऊन पूड उडते आणि खड्डे पडतात. दुसऱ्या दिवशी पातळ फेव्हिकॉलचा फवारा. रंगवायची गरजच नाही. विटकरी आणि काळं ग्राउट दोनास एक मिसळलं की आपल्या देशावरच्या जमिनीच्या बरंच जवळ जातं.

रांगोळीची पूड? रंगीत रांगोळी बर्फाला आणि वाळवंटाला चालते, पण तिचा रंग ओला झाला की फुटतो. पांढरी घ्या आणि नंतर रंगवा.

टेबलावर अंथरायची चटई घरी होईल का?

होईल, आणि विकतच्या छापील चटईपेक्षा मला ती जास्त आवडते. मांजरपाट घ्या, सहा बाय चार फुटांच्या टेबलासाठी चारी बाजूंनी चार बोटं जास्त. आधी धुवा, म्हणजे खळ निघते. जमिनीवर प्लास्टिक अंथरून त्यावर कापड चिकटपट्टीने ताणून लावा.

मग अॅक्रिलिक सीलंट. खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी भरतात ते, नळी सीलंटच्या बंदुकीत घालून दाबून काढायचं. सिलिकॉन चुकून उचलू नका. दिसायला दोन्ही नळ्या सारख्याच, पण सिलिकॉनवर कुठलाच रंग धरत नाही. नळीवर "रंगवता येतो" असं लिहिलेलं बघूनच घ्या. सीलंट, तपकिरी इमल्शन आणि मूठभर चाळलेली वाळू बादलीत कालवायची, पातळ थापी किंवा जुन्या एटीएम कार्डाने कापडावर पसरायची. ओलं असतानाच भुसा, ग्राउट, चिरलेला काथ्या भुरभुरवायचा. सहा बाय चारला तीन नळ्या लागल्या. दोन दिवस वाळू द्या. नंतर ही चटई गुंडाळून दाराच्या मागे उभी राहते, तडकत नाही, कारण सीलंट रबरासारखं वाकतं. गुंडाळताना खरखरीत बाजू बाहेर ठेवा.

भिंतीचा रंग सैनिकांवर चालेल का?

नको. इमल्शनमध्ये भरीव पूड बरीच असते, त्यामुळे चेहऱ्याचं नाक-डोळे बुजतात. सैनिकांना स्टेशनरीच्या दुकानातले अॅक्रिलिक रंग घ्या. टेरेनला मात्र उलट. त्या महागड्या बाटल्या टेकडीवर ओतणं म्हणजे केशर घालून भांडी घासणं. पांढऱ्या इमल्शनचा लिटरचा डबा आणि स्टेनर यांतून सगळ्या छटा निघतात.

स्टेनर नुसता मात्र लावू नये. तो रंगात मिसळण्यासाठी असतो, एकटा नीट वाळत नाही, आठवड्यानेही बोटाला लागतो. सांधीत उतरणारं पातळ पाणी हवं असेल तर गडद इमल्शनच्या एका भागाला आठ-दहा भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब.

वॉर्निशमध्ये सैनिक बुडवायची युक्ती खरी आहे का?

खरी आहे, आणि ज्याला दोनशे शिपाई रंगवायचेत त्याच्यासाठी देवदूत आहे. सपाट रंग भरून घ्यायचे: अंगरखा, पागोटं, कातडी, बंदूक. पूर्ण वाळल्यावर लाकडाच्या तपकिरी झाकेच्या तेलयुक्त वॉर्निशमध्ये पक्कडीने धरून बुडवायचा, मग जोरात झटकायचं. घड्यांत तपकिरी राहतं, उंचवट्यावरून निघून जातं. सावल्या आपोआप. मी बुडवण्यापेक्षा ब्रशने लावतो, कारण झटकताना वॉर्निश बाल्कनीच्या भिंतीवर जातं आणि त्यावर घरात चर्चा होते. दोन दिवसांनी मॅट स्प्रे मारला की चकाकी जाते.

झाडं आणि गवत कशाचं करू?

वीजकाम झाल्यावर उरलेली वायर सोलून आतल्या तांब्याच्या तारा घ्या. वीतभर लांबीच्या तीसेक तारांची जुडी, खालची दोन बोटं घट्ट पिळायची, वर तिचे तीन भाग, प्रत्येकाचे पुन्हा दोन, शेवटी एकेक तार मोकळी. खालची टोकं फाकवली की मुळं. बुंध्याला पुट्टी आणि फेव्हिकॉल. फांद्या आडव्या पसरल्या आणि माथा चपटा ठेवला की बाभूळ, गोलाकार ठेवला की आंबा.

पानांसाठी जुनी गादी किंवा उशीतला फोम बारीक करून हिरव्या पातळ इमल्शनमध्ये पिळून काढायचा आणि उन्हात वाळवायचा. बारीक करायला मिक्सर लागतो. तो मिक्सर स्वयंपाकघरातला नसावा, एवढंच सांगतो. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी फाडून रंगवली की उत्तम झुडपं होतात. भांड्याच्या हिरव्या घासणीच्या पट्ट्या म्हणजे कुंपण.

काथ्याचं पायपुसणं चार बोटांच्या चौकोनांत कापलं की उभं पीक तयार. वरून पिवळसर ब्रश फिरवला तर कापणीला आलेली ज्वारी. ते मधून कातरून त्यात वाट काढा, म्हणजे तिथून पायदळ नेता येतं. फुलझाडूचे तुरे बोरूसारखे नदीकाठी लावता येतात आणि छपराला शाकारणीही त्याचीच. खराट्याचे हीर म्हणजे लाकडी कठडे. भाल्यांना मात्र हीर वापरू नका, मोडतात. स्टीलची बारीक तार घ्या.

आणि हो, अळीव पेरून खरं गवत उगवता येतं का, असं एका मुलाने विचारलं होतं. येतं. चार दिवस सुंदर दिसतं, पाचव्या दिवशी टेबलाला वास येतो.

बेसला काय वापरू?

वायसर. बोल्टखाली घालतात ते लोखंडी चकत्या. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर असलेला मोठा वायसर मागा, साधा घेतला तर फार लहान निघतो. जड असल्याने सैनिक पडत नाही, आणि डब्याच्या तळाला चुंबकाची चिकट शीट लावली की सगळी फौज रिक्षातूनही उभीच जाते. मधलं भोक पुट्टीने बुजवा.

२०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंही बरोबर २५ मिलिमीटरचं आहे आणि वायसरइतकंच स्वस्त पडतं. पण नाण्याला छिद्र पाडणं, कापणं हे कायद्यात बसत नाही. म्हणून मी त्या वाटेला जात नाही. घोडेस्वारांच्या चौकोनी बेसला सनमायकाचे नमुन्याचे तुकडे घ्या. एक मिलिमीटर जाड, कडक, वाकत नाहीत.

नदी खरी वाटत नाही, काय करू?

निळा रंग पुसून टाका. आपल्या नद्या निळ्या नसतात. मधोमध गढूळ गडद तपकिरी-हिरवा, काठाकडे फिकट मातकट, आणि दोघांची सीमा ओली असतानाच एकमेकांत पुसून घ्यायची. मग चकचकीत वॉर्निशचे चार-पाच पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. लाटा किंवा खडकावरचा फेस हवा असेल तर इथे मात्र पारदर्शक सिलिकॉन घ्या. त्याला रंग धरत नाही याची इथे अडचण नाही, कारण रंग खाली आधीच आहे. ओल्या बोटाने टिपत टिपत लाटा काढा.

काठ जास्त महत्त्वाचे. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात झाली. वाटाड्यांनी नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही म्हणून सांगितलं होतं. पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, तेव्हा मधे उतार असणारच असा इंग्रज सेनापती वेलस्लीने तर्क केला आणि तिथूनच नदी ओलांडली. खेळात हा उतार दिसला पाहिजे, नाहीतर सगळी लढाईच कळत नाही. बाकी काठ मी थर्माकोलचे उभे कापले, आणि त्या एका जागी पुट्टीचा उतरता थर देऊन वर चाकोऱ्या ओढल्या. खेळणाऱ्याची नजर बरोबर तिथे जाते.

पावसाळ्यात काम करावं का?

कापणं, कोरणं, चिकटवणं करा. स्प्रे वॉर्निश मारू नका. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय येते आणि महिनाभर रंगवलेला सरदार पीठ लागल्यासारखा दिसतो. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, पाट्या ओल शोषून फुगतात, आधीच कडांना फेव्हिकॉल चोळून ठेवा. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी पीओपीची पिशवी उघडली की त्याच दिवशी संपवावी.

रंग बिघडला तर काढता येतो का?

अॅक्रिलिक असेल तर सैनिक न मिसळलेल्या डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. खरी मेख पुढे आहे: घासताना पाणी लावायचं नाही. पाणी लागताच निघालेल्या रंगाचा चिकट डिंक होतो आणि तो कशानेच जात नाही. डेटॉलमध्येच घासायचं, सगळा रंग निघाल्यावर मग भांड्याचा साबण आणि पाणी. हातमोजे घाला. नेलपेंट रिमूव्हर धातूला चालतो, प्लास्टिकचा सैनिक मात्र त्यात वितळतो.

एम-सीलने सैनिकच घडवता येतील का?

सैनिक नाही, पण पोती, पखाली, गुंडाळलेल्या कांबळी, पागोट्याचा शेमला हे छान होतं. एम-सील दोन भागांत येतं, दोन्हींचे गोळे सारखे घ्या आणि रंगाच्या रेषा पूर्ण जाईपर्यंत मळा. ओलं बोट फिरवलं की गुळगुळीत होतं.

घरात लहान मुलं आहेत. काय जपावं?

गरम तारेने फोम कापताना धूर होतो, तो छातीत घेऊ नये. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने. एमडीएफ घासताना तोंडाला मास्क. कोरडी पुट्टी आणि ग्राउट सिमेंटचे असतात, डोळ्यांत गेले तर भरपूर पाण्याने धुवून लगेच डॉक्टरकडे. लहान चुंबक मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, गिळले तर आतडी चिमटतात. बाकी भुसा रंगवणं, वाळू चाळणं, टेकडीवर गवत लावणं ही कामं मुलांनाच द्यावीत. मोठ्यांइतकं एकसारखं ती करत नाहीत, आणि निसर्गही एकसारखा नसतो.

आम्ही परदेशात राहतो. इथे यातलं काय मिळेल?

जवळजवळ सगळं, नावं वेगळी. फेव्हिकॉलऐवजी पीव्हीए गोंद, अॅक्रिलिक सीलंटला तिकडे कॉक म्हणतात, निळं-गुलाबी फोम तर मोठ्या दुकानात सहज. मांजरपाटाऐवजी रंगकामात जमिनीवर अंथरतात ते जाड सुती कापड घ्या. घोसाळ्याची जाळी आंघोळीच्या सामानात शोधा.

विकतच काय घ्यावं?

चांगला बारीक ब्रश, कटरची पाती, आणि सैनिक. पातं बोथट झालं की बदला. बोथट पात्यानेच बोटं कापतात, कारण जोर लावावा लागतो.

उरलेल्या पुट्टीचं काय करू?

हवा काढून दुहेरी पिशवीत बांधा, झाकणाच्या डब्यात ठेवा, तरी सहा महिन्यांत वापरा. खरं तर घरातल्या भिंतीच्या चिरा बुजवायला ती आणलेली असते, असं मी घरी सांगितलं होतं. असईच्या गावातल्या बावीस भिंती लिंपून झाल्या. न्हाणीघरातली चीर अजून तशीच आहे.